तुम्ही वाचलेले सर्वांत चांगले पुस्तक कोणते?

दरवर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या देवळाली प्रवरेत, आणि तुमच्याही गावात, मुले शाळेतून एक गृहपाठ घेऊन येतात. माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा हा जन्मदिवस. २०१५ पासून महाराष्ट्रात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या निमित्ताने मुलांना दहा-पंधरा ओळी लिहायच्या असतात : 'मी वाचलेले सर्वांत चांगले पुस्तक'. मूल वही घेऊन अम्मीकडे येते. अम्मीच्या हातात पीठ असते, ती अब्बांकडे पाठवते. अब्बा म्हणतात, "बाळा, मॅडमनाच विचार ना." शेवटी मोबाइलवरून दहा ओळी उतरवल्या जातात, खाली सही होते आणि विषय संपतो.

आम्हाला वाटते, हा विषय इतक्यात संपू नये. प्रश्न साधा दिसतो, पण घरात नीट विचारला तर तीन पिढ्या एका चटईवर बसू शकतात. विचारलाच नाही, तर जे हातचे जाते ते पुढे कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून या महिन्यात आपण हा गृहपाठ मुलांच्या वहीतून काढून घरातल्या मोठ्यांपुढे ठेवू.

आधी एक गोष्ट वेगळी ठेवू

आपल्या घरात हा प्रश्न विचारला की पहिले उत्तर ठरलेले असते : "कुरआन शरीफ, दुसरे कोणते असणार?" उत्तर मनापासूनचे असते. पण आम्ही नम्रपणे म्हणतो की कुरआन शरीफला या स्पर्धेत बसवूच नये. स्पर्धा बरोबरीच्यांत असते. अल्लाहचा कलाम एका बाजूला आणि माणसांनी लिहिलेली पुस्तके दुसऱ्या बाजूला ठेवून गुण द्यायचे, ही मांडणीच बरी नाही. आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर हिराच्या गुहेत उतरलेल्या पहिल्या वहीची सुरुवातच वाचनाच्या आज्ञेने झाली, हे आपण मुलांना मकतबपासून सांगतो. त्या आज्ञेचा मान राखायचा, तर जुजदानात गुंडाळलेल्या त्या ग्रंथाच्या खालच्या फळीवरही काहीतरी हवे.

इतर देशांतही हीच अडचण लोकांना पडली आणि त्यांनी ती अशीच सोडवली. बीबीसी रेडिओवर १९४२ पासून एक कार्यक्रम चालू आहे. पाहुण्याला विचारतात, तुम्ही एका ओसाड बेटावर एकटे अडकलात तर सोबत काय न्याल? धर्मग्रंथ आणि शेक्सपिअरची नाटके त्याच्याजवळ आधीच आहेत असे धरले जाते. ख्रिस्ती पाहुण्याला बायबल, आणि दुसऱ्या धर्माच्या पाहुण्याला हवा असेल तर त्याचा स्वतःचा ग्रंथ. मग विचारतात : आता आणखी एक पुस्तक कोणते? खरा प्रश्न तिथून सुरू होतो. आपणही तसेच करू. कुरआन शरीफ आहेच. आता माणसाने लिहिलेले एक पुस्तक सांगा.

परीक्षेतले उत्तर आणि मनातले उत्तर

इथे दुसरी अडचण येते. माणसे मनातले उत्तर न देता शोभेल असे उत्तर देतात. मुले बहुधा 'श्यामची आई' किंवा 'अग्निपंख' लिहितात, कारण त्याला कोणी नाव ठेवत नाही. दोन्ही पुस्तके मोठीच आहेत. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. त्याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहून मराठी माणसाला प्रेषितांचे चरित्र मोठ्या प्रेमाने सांगितले, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवे. 'अग्निपंख' तर रामेश्वरमच्या एका साध्या मुस्लिम घरातल्या मुलाची कहाणी. महायुद्धाच्या काळात रामेश्वरमला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करायला हा मुलगा आपल्या चुलतभावाला, शमसुद्दीनला, मदत करायचा. एस. टी. आर. माणिकम नावाच्या गृहस्थांचा घरी मोठा पुस्तकसंग्रह होता, तिथून तो पुस्तके आणून वाचायचा.

पण मुलाने ही पुस्तके खरोखर वाचली आहेत का? वाचली नसतील, तर त्याला 'चंपक' किंवा 'फास्टर फेणे' लिहू द्या. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने ज्या मुलाला रात्री उशिरापर्यंत जागवले, त्याच्यासाठी आज तेच सर्वांत चांगले पुस्तक आहे. खोटे मोठे उत्तर देण्यापेक्षा खरे लहान उत्तर बरे. ज्या मुलाला दहाव्या वर्षी पुस्तकांबद्दल खोटे बोलायची सवय लागते, ते मोठेपणी पुस्तकेच सोडून देते.

मोठ्यांचेही तसेच आहे. कोणी नमाजी माणूस गुपचूप बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत वाढलेला असतो. कोणी आपा लग्नाआधी मासिकांतल्या कादंबऱ्यांची कात्रणे जपून ठेवायची. विचारल्यावर मात्र दोघेही एखाद्या भारदस्त ग्रंथाचे नाव घेतात. आमची विनंती एवढीच की या एका गोष्टीत तरी घरात मोकळेपणा असू द्या. उत्तर ऐकून कोणी हसायचे नाही.

सर्वांत चांगले, पण कोणत्या वयाचे?

'सर्वांत चांगले' हे कायमचे नसते, हेही लक्षात घेऊ. मौलाना अबुल कलाम आझाद यांचे उदाहरण पाहा. जन्म १८८८ चा, मक्केतला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे आलिम, मुरीदांचा गोतावळा असलेले. त्यांना नवे पाश्चात्त्य शिक्षण मान्य नव्हते, म्हणून मुलाचे सगळे शिक्षण घरीच, जुन्या पद्धतीने झाले. त्या मुलाच्या हाती सर सय्यद अहमद खान यांचे लेखन पडले आणि त्याचा त्याच्यावर खोल परिणाम झाला. आधुनिक ज्ञानाशिवाय आपले शिक्षण अपुरे आहे, हे त्याला तिथे उमगले. त्या वयात त्याला विचारले असते, तर त्याने बहुधा सर सय्यदांचेच नाव घेतले असते. पुढे मौलाना आझादांचे राजकारण सर सय्यदांच्या अगदी उलट वाटेने गेले. पण म्हणून ते पहिले पुस्तक वाया गेले का? नाही. ज्या शिडीने आपण माडीवर चढतो, ती माडीइतकी उंच असावी लागत नाही.

कलाम साहेबांचे उलट आहे. त्यांना मद्रासच्या मूर मार्केटमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक पुस्तक सापडले, 'लाइट फ्रॉम मेनी लॅम्प्स'. लिलियन आयक्लर वॉटसन यांनी थोरामोठ्यांची धीर देणारी वचने आणि त्यामागच्या हकिकती त्यात एकत्र केल्या आहेत. साहित्यातला तो काही फार मोठा ग्रंथ नव्हे. पण कलाम साहेबांनी ते पन्नासहून अधिक वर्षे हाताशी ठेवले आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला त्याचे नाव सांगितले. त्यासोबत ते तमिळमधल्या 'तिरुक्कुरळ'चेही नाव घेत, म्हणजे स्वतःच्या मातृभाषेतला ग्रंथ ते विसरले नाहीत.

या दोन माणसांवरून आम्हाला एक कसोटी सुचते. पुस्तक किती मोठे, किती गाजलेले, हे विचारू नका. त्याऐवजी विचारा : तुम्ही ते पुन्हा उघडले का? ते दुसऱ्या कोणाला द्यावेसे वाटले का? ते वाचल्यावर तुमच्या वागण्यात काही फरक पडला का? गांधीजींना १९०४ मध्ये जोहान्सबर्ग ते डर्बनच्या प्रवासात त्यांचे मित्र पोलाक यांनी रस्किनचे 'अन्टू धिस लास्ट' दिले. ते त्यांनी रात्रभर जागून वाचले आणि त्याच वर्षी फिनिक्स आश्रम उभा केला. सगळ्यांनी आश्रम काढावा असे नाही. पण एखादे पुस्तक वाचून कोणी उधारी वेळेवर फेडू लागला, कोणी सुनेशी बोलण्याची पद्धत बदलली, तर ते पुस्तक त्याच्यापुरते कसोटीला उतरले.

आमच्या नदीकाठची पुस्तके

आम्ही देवळाली प्रवरेचे. नाशिकजवळची देवळाली वेगळी. आमची राहुरी तालुक्यातली, प्रवरेच्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणारी. ही प्रवरा नदी पुस्तकांच्या बाबतीत मोठी भाग्यवान. तिच्याच काठी, खाली नेवाशात, शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. आमच्या शेजारच्या कितीतरी घरांत या प्रश्नाचे तेच एक उत्तर आहे. याच नगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमद होऊन गेले. त्यांनी मराठी ओवीत 'योगसंग्राम' लिहिला. रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात अशा कवींची दखल घेतली आणि डॉ. यू. म. पठाण यांनी संतसाहित्याच्या अभ्यासात आयुष्य घातले. हेच पठाण सर १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. म्हणजे मराठी पुस्तकांच्या जगात आपण उपरे नाही, घरचेच आहोत.

पण आमच्या जिल्ह्यात लिहिलेले एक पुस्तक असे आहे की त्याचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी असते आणि नव्या पोरांना ते ठाऊकही नसते. आम्हाला कोणी विचारले तर आम्ही त्याचेच नाव घेऊ. ते म्हणजे मौलाना आझादांचे 'गुबार-ए-खातिर'.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते पकडले गेले. कार्यकारिणीतल्या डझनभर नेत्यांना नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद अशी माणसे त्यांत होती. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा मौलाना आझाद होते. पहिले बरेच दिवस बाहेरच्या जगाशी संबंधच तोडलेला होता. नेहरूंनी तिथे १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. ते पुस्तक जगभर गेले. मौलानांनी आपले स्नेही नवाब सद्र यार जंग, म्हणजे हबीबुर्रहमान खान शेरवानी, यांना पत्रे लिहिली. ती पत्रे टपालात पडणारच नव्हती. तरी ते पहाटे उठून, स्वतःचा चहा स्वतः करून लिहीत राहिले. सुटकेनंतर, १९४६ मध्ये, त्या पत्रांचे पुस्तक निघाले.

त्यात काय आहे? चहा आहे. मौलानांना पांढरी, चमेलीच्या वासाची चिनी चहापत्ती आवडायची, दूध न घालता. दूध-साखर घालून उकळलेल्या चहाला ते चहाच मानायला तयार नव्हते. आपल्या उकाळ्याच्या चहावर वाढलेल्या माणसाला ते पत्र वाचताना हसू येते. त्यात चिमण्या आहेत. खोलीच्या छतात घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी त्यांचे युद्ध झाले, मग तह झाला, मग दोस्ती झाली. पुढे त्या चिमण्या भीड सोडून अगदी जवळ येऊ लागल्या आणि मौलानांनी त्यांना नावेही ठेवली. देशाचा एवढा मोठा पुढारी तुरुंगात बसून चिमण्यांकडे इतक्या धीराने पाहतो, हेच त्या पुस्तकाचे शिक्षण आहे.

आणि त्यात जुलेखा बेगम आहेत. मौलाना किल्ल्यात असताना त्यांच्या पत्नी कलकत्त्यात आजारी पडल्या. आजार वाढत गेला. सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती पोचवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी परक्या सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. ९ एप्रिल १९४३ रोजी त्या गेल्या. त्या बातमीनंतर लिहिलेल्या पत्रात आक्रोश नाही. रोजचा दिनक्रम न मोडण्याची धडपड आहे, आणि वर्तमानपत्राची वाट पाहणारे पण ती अधीरता कोणाला दिसू न देणारे मन आहे. नवरा-बायकोच्या नात्यावर आपल्या मासिकांतून पुष्कळ लिहिले जाते. आम्हाला मात्र त्या एका पत्राने जे दिले, ते शंभर उपदेशांनी दिले नाही. घरातल्या माणसाची किंमत ते घरात असताना ओळखावी, हे त्या पत्रात कुठेही लिहिलेले नाही, पण वाचणारा तेच घेऊन उठतो.

देवळालीहून नगर दूर नाही. लग्नाचा बस्ता, कोर्ट-कचेरी, दवाखाना यांसाठी आपण कितीदा जातो. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे, पण नेते ज्या खोल्यांत राहिले ती जागा स्मारक म्हणून जपली आहे. पुढच्या खेपेस मुलांना तिकडे न्या. पुस्तक कुठे लिहिले गेले ते पाहिले की पुस्तक आपले वाटू लागते.

ट्रंकेतली पुस्तके

आता खरी अडचण. 'गुबार-ए-खातिर' उर्दूत आहे, आणि तीही फारसीच्या वळणाची, जागोजागी शेर पेरलेली. आमच्या भागातली बहुतेक मुले मराठी शाळेत शिकतात. घरी दखनी बोलतात, शाळेत मराठी लिहितात, मकतबमध्ये नाजरा पढतात. उर्दू पुस्तक हातात दिले तर अक्षरे ओळखीची वाटतात, पण अर्थ लागत नाही. उलट घरातले नाना उर्दूत शिकलेले, त्यांना मराठी वर्तमानपत्र वाचता येते पण मराठी कादंबरीची गोडी लागलेली नाही. एकाच छपराखाली दोन वाचक आहेत, आणि एकाचे सर्वांत चांगले पुस्तक दुसऱ्याला वाचता येत नाही.

याचा शेवट काय होतो ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. नानांचा इंतकाल होतो. चाळिसावा उरकतो. मग कधीतरी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक उघडली जाते. वरती एक जुनी शेरवानी, खाली पुस्तके. कोणी म्हणते, "यात अल्लाहचे नाव असेल, रद्दीत नको." मग ती मशिदीच्या कपाटात जातात आणि तिथे वाळवी त्यांची वाट पाहत असते. कोणते पुस्तक नाना रोज उघडायचे, कोणत्या पानाशी थांबायचे, कोणत्या शेराला मान हलवायचे, हे सांगणारे कोणी उरत नाही. पुस्तक दुसरे विकत मिळेल. नानांचे ते पान मिळणार नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, हा गृहपाठ आधी मोठ्यांना द्या. मुलाने मोबाइल बाजूला ठेवून जावे आणि विचारावे, "नाना, तुम्ही वाचलेले सर्वांत चांगले पुस्तक कोणते? मला त्यातले थोडे वाचून दाखवता?" नानांनी उर्दूत वाचावे, दखनीत समजवावे, आणि मुलाने मराठीत चार ओळी लिहून घ्याव्यात. त्या चार ओळी शाळेच्या वहीत गेल्या तर मॅडमनाही काही नवे वाचायला मिळेल. 'गुबार-ए-खातिर' असेल तर चिमण्यांच्या पत्रापासून सुरुवात करा, कठीण पत्रे मागून येऊ द्या. नाजरा पूर्ण केलेल्या मुलाला उर्दूची जास्तीची अक्षरे शिकायला फार वेळ लागत नाही. वाचून दाखवणारे कोणी असले की तो स्वतःहूनच पुढची ओळ शोधू लागतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मुलीने आपले मराठी पुस्तक दादीला वाचून दाखवावे. आमची शिफारस आहे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची. १९३४ पासून हे पुस्तक भागांनी निघाले. लक्ष्मीबाईंचे लग्न लहानपणी झाले, लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. पती नारायण वामन टिळक कवी आणि लहरी. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, घर मोडले, बरीच वर्षे दोघे वेगळे राहिले, मग पुन्हा संसार मांडला. त्या संसाराचा मोठा काळ आमच्या नगरातच गेला. धर्म त्यांचा वेगळा, पण सासरचा जाच, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, पैशांची ओढाताण आणि या सगळ्यातून फुटणारे हसू हे कोणत्याही दादीला ओळखीचे वाटेल. दादी मध्येच थांबवून स्वतःची गोष्ट सांगू लागली तर पुस्तक मिटून ठेवा आणि ती गोष्ट ऐका. लक्ष्मीबाईंनाही ते आवडले असते.

"आमच्या घरात कोणी वाचलेलेच नाही"

काही घरांत उत्तर येईल, "आमचे थोर शाळेत गेलेच नाहीत." हरकत नाही. पुस्तक डोळ्यांनीच वाचावे असे कुठे आहे? दखनमधल्या सूफींनी बायकांसाठी दखनीत 'चक्कीनामे' रचले. जात्यावर बसलेल्या बाईने दळता दळता ते म्हणायचे, आणि पिठासोबत दीनची दोन वचने घरात यायची. शेजारच्या जात्यावर मराठी ओवी चालायची. ज्या दादीला हातिम ताईचा किस्सा तोंडपाठ आहे, तिचे ते सर्वांत चांगले पुस्तक. तिच्याकडून ते ऐकून लिहून काढले तर घरात एक पुस्तक वाढले.

आणि हवे तसे पुस्तकच नसेल तर? डेप्युटी नजीर अहमद यांना आपल्या मुलींना वाचायला द्यावे असे उर्दूत काही सापडेना. त्यांनी स्वतःच घरातल्या दोन बहिणींची, अकबरी आणि असगरीची, गोष्ट लिहायला घेतली. लिहून होईल तसे मुलींना वाचायला दिले. हेच 'मिरात-उल-उरूस', १८६९ चे. सरकारने त्याला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते. मुळात ते एका बापाने पोरींसाठी केलेले काम होते. आज आपण मुलींच्या जहेजमध्ये कुरआन शरीफसोबत मौलाना अशरफ अली थानवींचे 'बहिश्ती जेवर' देतो. त्यासोबत बापाने स्वतःला आवडलेले एक पुस्तक, पहिल्या पानावर दोन ओळी लिहून, दिले तर फ्रिज-कपाटाच्या यादीत ते नसेल, पण मुलगी ते जपून ठेवील.

राहिला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. उसाला पाणी रात्री सुटते, कारखान्याची पाळी असते, दुकान दहाला बंद होते, हे आम्हाला ठाऊक आहे. आठवड्यातून एक दिवस, जुमेरातीला इशानंतर, पंधरा मिनिटे पुरेत. पुस्तक विकतच घ्यायला हवे असेही नाही. तालुक्याच्या, शाळेच्या, मित्राच्या कपाटात ते असते. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ पासून चालू आहे. आपल्या पणजोबांच्याही आधीपासून ते उघडे आहे, आपण तिथे जायचे तेवढे राहिले आहे.

तेव्हा वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, या महिन्यात एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीचे नाव लिहा, खाली तिचे पुस्तक, आणि ते का आवडले त्याच्या तीन ओळी, तिच्याच शब्दांत. मग उतरत्या वयाने सगळ्यांची नावे, अगदी बालवाडीतल्या पोरापर्यंत. दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा विचारा. उत्तरे बदलतील, तर बदललेली उत्तरेही लिहा. आम्हालाही कळवा. निवडक उत्तरे पुढच्या अंकांत या सदरात देऊ, इन्शा अल्लाह.

फक्त थोरांना आधी विचारा. मुलांच्या हातात वेळ आहे. नानांच्या चष्म्याचा नंबर वाढत चालला आहे.